दगडावरची साय

अमरावतीच्या एका कॉलेजात श्रावण वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. राहायचा वलगावला, सायकलीनं ये-जा करायचा. काचेची भांडी धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, सहल निघाली की पत्र्याच्या पेट्या वाहणं, ही त्याची कामं. छप्पन साली दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरी आल्यावर कोनाड्यातले देव निघाले, आईच्या गळ्यातला ताईत निघाला, आणि मुंजा, चुडेल, अंगात येणं हे सगळं त्याच्या लेखी त्याच दिवशी संपलं. वस्तीत कोणी भुताची गोष्ट काढली की पहिला हसणारा श्रावणच असायचा. त्यामुळे पुढे जे घडलं ते त्यानं बरेच दिवस बायकोशिवाय कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

विभागाचे प्रमुख भगवंतराव सर मूळचे अकोल्याचे. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. इतर प्राध्यापक मोठमोठ्या झाडांची नावं सांगत फिरायचे. सरांची नजर कायम खाली, दगडाच्या कडेला, विहिरीच्या काठाला, जिथं बोटभर ओल असेल तिथं. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणून ओलांडून जातो, त्यात शेवाळ नसलेल्या कितीतरी जाती असतात, हे श्रावणला त्यांच्याकडून कळलं. त्यांना मुळं नाहीत, फुलं नाहीत. सगळ्या अंगानं पाणी पितात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना मॉस आणि लिव्हरवर्ट म्हणत, सर हरिता आणि यकृतका म्हणायचे. "ह्यांना पळता येत नाही रे," सर म्हणायचे. "ओल गेली की हे गेले."

एकोणसाठच्या हिवाळ्यात दोघं पातूरकडच्या डोंगरात हिंडत होते. चिंचखोरी नावाच्या दहा-बारा घरांच्या वस्तीमागे एक अरुंद घळ होती. घळीच्या टोकाला काळा कातळ पुढं झुकलेला, आणि त्याच्या कपारीतून बारा महिने पाणी ठिबकायचं. धार अशी नव्हतीच, नुसते थेंब. त्या थेंबांखाली कातळावर एक यकृतका पसरली होती. बोटाएवढ्या रुंद हिरव्या फिती, खालून जांभळ्या, एकमेकींवर चढलेल्या. पाठीवर राईच्या दाण्याएवढ्या वाट्या. सर गुडघे टेकून बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत.

"साय पायता काय?" मागून आवाज आला.

एक म्हातारी कळशी घेऊन उभी होती. गोदाबाई तिचं नाव. घळीच्या तोंडाशी तिच्या मुलाचं, नत्थुजीचं शेत होतं. ह्या हिरव्या थराला वस्तीत साय म्हणत. कोणाचं भाजलं-पोळलं की गोदाबाई नखानं चिमूटभर साय काढायची आणि जखमेवर बांधायची. चिमटीहून जास्त कोणालाच काढू द्यायची नाही.

श्रावणला तहान लागली होती. म्हातारीनं विचारलं, "कोनत्या गावचा?"

"वलगावचा. आमी बौद्ध."

म्हातारी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "झऱ्याचं पानी हाय. वंजळ धर अन् पे. ते काई माह्यं नाई."

सरांनी चिमूटभर नमुना घेतला आणि बाहेरगावच्या एका तज्ज्ञाकडे धाडला. सहा महिन्यांनी उत्तर आलं. अशी जात आपल्या पाहण्यात नाही, कदाचित नवीन असावी, पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात मी स्वतः येऊन जागा पाहीन, असं त्यात होतं. सरांनी ते पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदा आनंदानं. दुसऱ्यांदा वाचताना "मी स्वतः येऊन" ह्या शब्दांवर त्यांचा आवाज जरा अडला, हे श्रावणच्या ध्यानात राहिलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर घळीच्या खालच्या अंगाला सरकारी माणसं येऊन चुना लावलेले दगड रोवून गेली. तलाव होणार होता. भिंत पुरी झाली की घळ पाण्याखाली जाणार. सरांनी ठरवलं, साय अमरावतीला हलवायची. जगात दुसरीकडं कुठं ती आहे हे माहीत नाही. तेव्हा आपण ती कॉलेजात सांभाळायची, वाढवायची. श्रावणलाही ते पटलं. बुडत्याला काठावर ओढण्यात पटण्यासारखं नाही काय?

एकसष्टच्या माघात ते दोन पेट्या, ओली गोणपाटं आणि पातळ पात्याच्या सुऱ्या घेऊन गेले. सर खुणा सांगत, श्रावण दगडाशी पातं आडवं धरून साय सोडवी. दुपारपर्यंत पेट्या भरत आल्या. गोदाबाई येऊन बसली होती.

"थोडी ठेवजा बाप्पा," ती शेवटी म्हणाली. "समदी नका नेऊ."

"आजी, इथं पाणी येणार आहे," सर म्हणाले. "ठेवली तर बुडेल."

"बुडू द्या मंग. आपल्या जागी तरी बुडन."

कपारीच्या तळाशी, आत सावलीत, भाकरीएवढा एक तुकडा उरला होता. श्रावणनं सुरी खाली ठेवली आणि सरांकडं पाहिलं. तलाव व्हायला अजून दोन वर्षं होती. तज्ज्ञ मात्र येत्या थंडीत येणार होते.

"तोही घे," सर म्हणाले.

श्रावणनं तोही घेतला. कातळ पुसून काढल्यासारखा काळा उरला आणि त्यावर थेंब पडत राहिले, टप्, टप्. म्हातारी उठली आणि कळशी न भरताच निघून गेली.

अमरावतीत प्रयोगशाळेमागं उत्तरेकडे तोंड असलेली एक कोठीची खोली होती. तिथं चाळीस परळ मांडले. मातीचे पसरट परळ, त्यात घळीतलाच दगडाचा चुरा, वर साय. खिडकीला वाळ्याचा पडदा, भिंतींना ओली गोणपाटं. हिवाळ्यात सगळं छान तगलं. सरांनी कौतुकानं प्रत्येक परळाला क्रमांक दिला. वैशाख आला आणि अमरावती तापली. दिवसातून सहा वेळा श्रावण गोणपाटं भिजवायचा, तरी दोन तासांत ती कडक व्हायची. त्यात विहिरीचं पाणी खारं. परळांवर पांढरी पुटं चढली, फितींच्या कडा तपकिरी झाल्या आणि आत वळल्या. पावसाळ्यात रांजणांत धरून ठेवलेलं पागोळ्यांचं पाणी पुढच्या वर्षी वापरलं, पण ते चैत्रातच संपलं. बासष्टच्या मृगापर्यंत चाळिसातले तीन परळ जिवंत होते. तज्ज्ञ कधी आलेच नाहीत. त्यांची तब्येत बिघडल्याचं कार्ड तेवढं आलं.

मग त्या दिवाळीनंतर अकोल्याहून सरांच्या ओळखीच्या एका ओव्हरसियरचं पत्र आलं. सरांनी सहज चौकशी केली होती, तलावाचं काम कुठवर आलं म्हणून. उत्तरात लिहिलं होतं की चिंचखोरीच्या जागी खडक फुटका निघाला, पाणी ठरलं नसतं. भिंत दोन मैल वर दुसऱ्या नाल्यावर घेतली. घळ जशीच्या तशी आहे.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. श्रावण समोरच उभा होता. त्या दिवसापासून त्यांनी कोठीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

आवाज पहिल्यांदा सरांनाच ऐकू आला. पुढच्या चैत्रातली दुपार, पोरं घरी गेलेली. सरांनी वहीतून डोकं वर केलं.

"श्रावण, नळ कुठला गळतोय?"

"इथं नळ नाई, सर."

"मग काय ठिबकतंय ते?"

श्रावणनं कान दिला. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्. तो कोठीत गेला. रांजण रिकामे, गोणपाटं कोरडी, जमीन कोरडी. आत उभं राहिलं की आवाज यायचा नाही; बाहेर आलं की यायचा. त्यानं कौलं पाहिली, मागची मोरी पाहिली. दोन दिवस त्यानं मनाची समजूत घातली, उन्हानं लाकूड तडकत असेल. पण लाकूड असं तडकत नाही. तो थेंब कोणत्या दगडावर पडतोय हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांना ते सांगत नव्हते. सरांनी आपलं टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं.

त्रेसष्टच्या वैशाखात, एका रविवारी, श्रावण बाराच्या सुमारास कॉलेजात आला. सुटीच्या दिवशीही परळांना पाणी लागायचंच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चाकांना चिकटत होतं. रांजण महिनाभर कोरडे, त्यामुळे विहिरीचीच बादली शेंदून तो कोठीकडं आला. दाराचं कुलूप काढलं आणि दार लोटलं.

आत एक बाई परळांपुढे उकिडवी बसली होती. पाठमोरी. विटक्या हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर. ती उजव्या हाताची बोटं ओली करून परळावर झटकत होती, घाई न करता, एकेक थेंब. श्रावणला ती पाठ ओळखू आली. आधी भीती वाटलीच नाही. वाटलं, एवढ्या उन्हाची ही म्हातारी इथपर्यंत आली कशी?

"गोदामाय?" तो म्हणाला. "कवा आली तू?"

बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या त्याच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. त्यानं डोळे मिटून उघडले. खोलीत गोणपाटं होती, परळ होते, बाकी कोणी नव्हतं. तेव्हा त्याला आठवलं, कुलूप आपणच काढलं. बादली त्याच्या हातातून कलंडली.

तो परळाजवळ गेला. साय भिजलेली होती. फितींवर पाण्याचे टपोरे मणी उभे होते. त्यानं बोट लावून जिभेला लावलं. पाणी गोड होतं.

तो तसाच सायकलीवर बसला आणि वलगावला आला. बायको, ललिता, अंगणात उडदाची डाळ वाळत घालत होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला आवाजापेक्षा, बाईपेक्षा लाज जास्त वाटत होती.

"देव सोडले, भुतं सोडली, अन् मलेच दिसून राहिलं," तो म्हणाला. "कोनाले सांगू मी हे?"

ललिता हसली नाही. "भूत असन का नसन, ते मले नाई समजत," ती म्हणाली. "पन ते काय करून राहिली होती, ते पाह्यलं ना तुमी?"

"पानी शिंपडून राहिली होती."

"तुमी कसं देता पानी?"

"गोनपाट भिजवतो. परळाले खालून पाजतो."

"मंग?"

श्रावणला घळीतला कातळ आठवला. घळीत ती साय ओल्या कापडानं जगत नव्हती. वरून थेंब पडायचा, पाठीवरच्या वाट्यांवर आपटायचा, आणि त्यातले बारीक कण उडून शेजारच्या दगडाला चिकटायचे; तिथं नवी साय धरायची. सरांनी हे कधीतरी वर्गात शिकवलेलंही होतं. दोन वर्षं त्यांनी तिला पाणी दिलं, थेंब दिला नाही.

त्यानं तीन माठांना बुडाशी बारीक भोकं पाडली, त्यात सुताच्या वाती घातल्या आणि परळांवर ते शिंक्यांना टांगले. पिंडीवर गळती टांगावी तसं दिसत होतं ते. बौद्धाच्या हातानं कॉलेजात महादेव मांडला म्हणून दुसऱ्या विभागाचे शिपाई हसून गेले. पाण्याची सोय ललितानं केली. वस्तीतल्या एका विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात गोडं होतं. तिथून ती रोज एक डबा भरून द्यायची, श्रावण सायकलीच्या कॅरिअरला बांधून आणायचा. उन्हाळा निघाला. पावसाळ्यात परळाच्या रिकाम्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. दिवाळीपर्यंत तीन परळांचे सात झाले.

सर चौसष्टच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. जायच्या दिवशी ते पहिल्यांदा कोठीच्या दारात आले, आत मात्र आले नाहीत. माठ पाहिले, परळ मोजले.

"तुला माहीत आहे, मी शेवटचा तुकडा का घ्यायला लावला?" त्यांनी विचारलं.

श्रावण खाली पाहत होता. "माहीत हाय, सर."

"दुसऱ्या कोणाला तिथं काही सापडू नये म्हणून."

"व्हय."

"तलावाचं कारण मी स्वतःला सांगितलं." सरांनी चौकटीला हात धरला होता. "तू त्या दिवशी थांबला होतास. मी पाहिलं होतं."

आपण थांबलो होतो, पण मग घेतलाच, हे त्याला म्हणायचं होतं.

त्या श्रावण महिन्यात तो दोन परळ ओल्या फडक्यांत बांधून चिंचखोरीला निघाला. पाच परळ मागं ठेवले. अकोल्याहून पातूरची एसटी, पुढं चिखलातून दोन कोस पायी. नत्थुजी शेतात डवरे धरून होता. त्यानं ओळखलं. डवरे सोडून तो बांधावर आला आणि वाट अडवून उभा राहिला.

"आता काय न्याले आला?"

"नेत नाई. आनलं हाय," श्रावण म्हणाला. "गोदामाय कुठी हाय?"

"बुढी मरून तीन वर्षं झाली. तुमी नेलं त्याच वैशाखात."

श्रावणनं परळ बांधावर टेकवले.

नत्थुजी उभ्यानंच सांगू लागला. साय गेल्यावर म्हातारी रोज भर दुपारी घळीत जायची. उन्हानं कातळ तापलेला, थेंब पडताच सुकायचे. ही घरून लोट्यात पाणी न्यायची आणि त्या उघड्या दगडावर बोटांनी शिंपडत बसायची. "मी म्हनो, माय, दगडाले काय पानी घालतं? लोक हासतेत. ते म्हने, आत जीव असन त येईन वर. एक दिवस आली नाई. मी गेलो त तथीच बसली होती, कातळाले टेकून. ऊन लागलं होतं."

"कोनतं लुगडं होतं अंगावर?" श्रावणच्या तोंडून निघून गेलं.

"हिरवं. काहून?"

श्रावणनं एक परळ त्याच्यापुढं सरकवला. परळावरचं फडकं नत्थुजीनंच सोडलं. त्यानं परळ उचलून डोळ्यांजवळ नेला, वास घेतला.

"एवढीशीच?"

"एवढीच उरली. त्याच्यातून वाढवली."

नत्थुजीची बायको लीलाबाई मागून येऊन उभी होती. तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. "घेऊन जा त्याले," ती नवऱ्याला म्हणाली. "उभा काय राह्यला?"

दोघं घळीत गेले. पावसाचे दिवस, थेंब नीट पडत होते. त्यांनी दगडाच्या भेगांत ओली माती दाबली आणि सायीचे तुकडे चिकटवले. तिसऱ्याच दिवशी मोठा पाऊस आला आणि सगळं धुऊन गेलं, असं नत्थुजीनं नंतर कोणाकडून तरी लिहून कळवलं. पासष्टला श्रावण पुन्हा गेला. ह्या वेळी दोघांनी तुकडे कपारीच्या आत, लोंढ्याचा मार नसेल अशा जागी लावले. ते उन्हाळ्यानं नेले. सहासष्टला तो तिसऱ्यांदा गेला. ह्या वेळी सायीचे तुकडे लावलेच नाहीत. सायीसकट परळच थेंबांखाली मांडले आणि पावसाळाभर तसेच राहू दिले. थेंबांनी कण आपोआप कातळावर उडवले. उन्हाळ्यात नत्थुजी रोज लोटा घेऊन घळीत जात होता. वस्तीत त्यालाही लोक हसले. मेल्या आईची जागा धरली म्हणाले.

सदुसष्टच्या भाद्रपदात कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, "धरली हाय, येऊन पाह्य."

अमरावतीचा तो आवाज थांबला असं नाही. नंतर तिथं खरे माठ टांगलेले होते, खरे थेंब पडत होते, त्यामुळे कुठला थेंब कुठला हे ओळखण्याची सोय राहिली नव्हती. रविवारी दुपारी कोठीचं दार उघडण्याआधी श्रावण अजूनही एकदा खाकरायचा.

कार्ड आल्यावर चिंचखोरीला जाताना तो अकोल्याला उतरला आणि सरांना बरोबर घेतलं. सर फार थकले होते, काठी घेऊन चालत. नत्थुजी शेताच्या तोंडाशीच भेटला. त्यानं सरांना पाहिलं आणि श्रावणला बाजूला घेतलं.

"तू ये," तो म्हणाला. "त्याले वर नाई येऊ देनार मी."

"म्हातारं मानूस हाय. लांबून पायन, हात नाई लावनार."

"माही माय बी म्हातारीच होती."

सरांना ते ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, बांधावरच्या पळसाखाली एक दगड पाहून बसले आणि छत्री उघडली. "जा तू," ते म्हणाले. "नीट बघून ये."

कातळावर, पूर्वीच्या जागेपासून हातभर बाजूला, साय धरली होती. तळहाताएवढा एक तुकडा आणि त्याच्याभोवती सुटे ठिपके. थेंब पडला की फिती किंचित दबायच्या आणि उठायच्या. नत्थुजी आणि श्रावण शेजारी शेजारी बसून पाहत राहिले. कोणीच हात लावला नाही.

श्रावण खाली आला तेव्हा सर उठून उभे होते.

"किती?"

श्रावणनं तळहात दाखवला.

"रंग कसा आहे? खालून जांभळी आहे?"

"उलटून नाई पाह्यली, सर."

"बरोबर. बरोबर केलंस." सर जवळ आले. "पुन्हा दाखव, किती?"

श्रावणनं पुन्हा तळहात पुढं केला. सरांनी तो आपल्या हातात घेऊन जवळून पाहिला, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत. पातूरहून शेवटची एसटी साडेपाचला होती. चिखलातून सरांना दोन कोस चालवत न्यायचं होतं. श्रावणनं त्यांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली, त्यांचा दंड धरला, आणि दोघं शेताच्या कडेकडेनं निघाले.